वाचक विचारतात : १३७, ११८ की १०४?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले, की इंटरनेटवर फुकट मिळालेला आयक्यू कुठल्याही अर्जात लिहू नका. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलं आहे. माझी सगळी नोकरी बुद्धिमापनाच्या चाचण्या घेण्यात गेली, मुलांच्या आणि मोठ्यांच्याही. त्यामुळे या विषयावरची माझी मतं ठाम आहेत, कुठे कुठे तिखटही आहेत. चालवून घ्या. लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकाच आठवड्यात तीन वेबसाइटवर आयक्यू टेस्ट दिल्या. एकीवर १३७ आले, दुसरीवर ११८, तिसरीवर १०४. माणूस तोच, डोकं तेच. यातला खरा आकडा कुठला धरायचा? की तिन्हींची सरासरी काढू?

उत्तर : सरासरी मुळीच काढू नका. आकड्यांची बेरीज करायची तर ते एकाच मापातले हवेत, आणि तुमचे तीन आकडे तसे आहेत असं मानायला काहीही आधार नाही.

आयक्यूचा आकडा परीक्षेतल्या मार्कांसारखा दिसतो, पण तो मार्क सांगत नाही, क्रम सांगतो. शर्यतीत तिसरा आलो असं कुणी म्हणालं, तर आपण आधी विचारतो, धावत होते किती जण आणि होते कोण? आयक्यूचंही तेच आहे. १०० म्हणजे तुमच्या वयाच्या लोकांच्या बरोबर मध्यावर. रूढ मोजपट्टीवर १०४ म्हणजे शंभरातले साधारण साठ जण तुमच्या मागे, ११८ म्हणजे अठ्ठ्याऐंशी आणि १३७ म्हणजे नव्याण्णव. तेव्हा तीन वेबसाइटनी तुम्हाला तीन जागी उभं केलं आहे. पण कुणाच्या रांगेत, ते एकीनंही सांगितलेलं नाही.

ही रांग आली कुठून, ते थोडं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. सुरुवातीला हे गणित भागाकाराचं होतं. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञानं सुचवलं, की मुलाच्या मानसिक वयाला त्याच्या खऱ्या वयानं भागावं. १९१६ मध्ये अमेरिकेत लुइस टर्मन यांनी त्याला शंभरानं गुणलं. दहा वर्षांचं मूल बारा वर्षांच्या मुलासारखी उत्तरं देत असेल तर आयक्यू १२०. मुलांच्या बाबतीत हे जमून जायचं. मोठ्यांच्या बाबतीत पंचाईत व्हायची, कारण चाळिशीतल्या माणसाचं मानसिक वय अठ्ठेचाळीस आहे, या वाक्याला काही अर्थच नाही. डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ मधल्या आपल्या चाचणीत भागाकार सोडून दिला आणि माणसाची तुलना थेट त्याच्या वयोगटाशी केली. मधला बिंदू १००, आणि प्रमाण विचलन, म्हणजे माणसं त्या मध्याभोवती किती पसरली आहेत त्याचं माप, १५. आज जगभर आयक्यू म्हणतात तो हा. या पट्टीवर शंभरातली अडुसष्ट माणसं ८५ ते ११५ च्या दरम्यान बसतात. १३० च्या वर फक्त दोन-सव्वादोन टक्के.

आता यातला वयोगट आकाशातून पडत नाही. वेक्स्लर यांच्या प्रौढांच्या चाचणीची चौथी आवृत्ती २००८ साली आली. तिच्यासाठी १६ ते ९० वयाच्या २,२०० लोकांची चाचणी घेतली गेली आणि ते लोक शिक्षण, लिंग, प्रदेश अशा बाबतींत अमेरिकेच्या जनगणनेशी जुळतील असे निवडले होते. याला आम्ही नॉर्म्स म्हणतो. हे सगळ्यात खर्चिक आणि सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि आयक्यूच्या आकड्यात जो काही अर्थ असतो तो यातूनच येतो. चित्रांची कोडी काय, चार हुशार पोरं शनिवार-रविवारात बनवतील.

मग फुकट वेबसाइटची रांग कुणाची? बऱ्याचदा त्या वेबसाइटवर येऊन चाचणी दिलेल्या लोकांचीच. त्यातले काही हौशी, काहींनी अर्ध्यात सोडलेली, काहींनी उगाच बटणं दाबलेली, काहींनी चौथ्यांदा दिलेली. आणि कधी कधी रांगच नसते. इतकी उत्तरं बरोबर आली की इतका आकडा दाखवायचा, असं कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेलं असतं. तुम्ही सॉफ्टवेअरमधले आहात, असं कोष्टक लिहायला किती ओळी लागतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट पट्टीची. १५ हे विचलन सगळेच वापरत नाहीत. टर्मन यांच्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीच्या जुन्या आवृत्त्यांत ते १६ होतं, रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीत २४. त्यामुळे वरच्या दोन टक्क्यांत बसायला वेक्स्लरच्या पट्टीवर १३० लागतात, जुन्या स्टॅनफर्ड-बिनेवर १३२ आणि कॅटेलवर १४८. माणूस तोच, जागाही तीच, आकडा मात्र अठरानं फुगलेला. तुमचे १३७ जर २४ च्या पट्टीवरचे असतील, तर वेक्स्लरच्या पट्टीवर ते साधारण १२३ होतात. म्हणजे तुमच्या दुसऱ्या आकड्याच्या बरेच जवळ! असतील का तसे? वेबसाइटनं विचलन छापलं नसेल तर सांगता येणार नाही, आणि ज्या वेबसाइटला ते छापावंसं वाटलं नाही, तिच्या आकड्याला मी तरी किंमत देत नाही.

तिसरी गोष्ट क्रमाची. तुम्ही आकडे उतरत्या क्रमानं लिहिलेत, पण चाचण्या कुठल्या क्रमानं दिल्यात ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा की १३७ शेवटचे असावेत. या वेबसाइटवर बहुतेक एकाच जातीची कोडी असतात : नऊ घरांचा चौकोन, एक घर रिकामं, तिथे कुठली आकृती येईल? ही जात जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या चाचणीतून आली आणि चाचणी म्हणून ती उत्तमच आहे. तिचा एक गुण असा की शब्द लागत नाहीत. पण तिच्यात नियम मोजके असतात. आकृती फिरते, एकेक रेघ वाढते, दोन घरांतलं सामायिक ते पुसलं जातं आणि उरलेलं तिसऱ्यात येतं. एकदा हे कळलं की तिसऱ्या वेबसाइटपर्यंत तुम्ही कोडं न वाचताच नियम हुडकायला लागता. यात बुद्धी वाढलेली नसते, ओळख वाढलेली असते. म्हणूनच आम्ही तीच चाचणी त्याच माणसाला लगेच पुन्हा देत नाही.

चाचणी समोरासमोर घेतात तेव्हा काय होतं, तेही जरा सांगते. पूर्ण चाचणीला तास-दीड तास लागतो. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी असते, त्याला स्टॉपवॉच लावतात. आकडे वाचून दाखवतात, ते आधी तसेच आणि मग उलटे म्हणायचे. शब्दांचे अर्थ असतात. दोन गोष्टींत साम्य काय, असं विचारतात. (खरे प्रश्न मी इथे देणार नाही. ते बाहेर फुटले की चाचणी मेली. फुकट वेबसाइटवर खऱ्या चाचणीचे प्रश्न असू शकत नाहीत, ते याचमुळे.) समजा, टेबल आणि खुर्ची यांत साम्य काय, असं विचारलं. 'दोन्ही फर्निचर' म्हटलं तर दोन गुण, 'दोघांनाही पाय असतात' म्हटलं तर एक. आणि कुणी 'लाकडी' म्हणून थांबला, तर मी 'अजून सांगा' म्हणायचं की नाही, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. चार पर्यायांतून एक निवडायच्या चाचणीला यातलं काही पकडता येत नाही. समोरच्याला ताप आहे, चष्मा घरी राहिला आहे, तो घाबरला आहे, हे वेबसाइटला दिसत नाही. मला दिसायचं आणि मी ते अहवालात लिहायची.

आणि एवढं करूनही अहवालात मी एकच आकडा कधी दिला नाही. ११४ आले तर 'साधारण ११० ते ११८ च्या दरम्यान' असं लिहायचं, कारण उत्तमातल्या उत्तम चाचणीतही इतकी चूक धरावीच लागते. बावीसशे लोकांवर बेतलेली, प्रशिक्षित माणसानं घेतलेली चाचणी 'दरम्यान' म्हणते आणि दहा मिनिटांची वेबसाइट १३७ म्हणून मोकळी होते. तुमचा खरा आकडा कुठला, या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की तो अजून कुणी मोजलेला नाही. मोजायची गरज आहे का, ते तुम्ही ठरवा. तुमच्या पत्रात तरी मला तशी गरज दिसली नाही.

प्रश्न : ताई, मी सतरा वर्षांची आहे. झोप येत नव्हती म्हणून रात्री एक वाजता फोनवर आयक्यू टेस्ट दिली. ८९ आले आणि खाली लाल अक्षरांत 'सरासरीपेक्षा कमी' असं आलं. मला पुढे फिजिक्स करायचं आहे. तेव्हापासून पुस्तक उघडलं की तो आकडाच समोर येतो. घरी कुणाला सांगितलेलं नाही. मी फिजिक्सचा विचार सोडू का?

उत्तर : नाही. आधी हे एवढं वाच, मग बाकीचं.

मी वर लिहिलंय की ८५ ते ११५ मध्ये शंभरातली अडुसष्ट माणसं असतात. ८९ त्यातच आहे. तो आकडा खरा असता तरी लाल अक्षरं लावण्यासारखं त्यात काही नव्हतं. आणि तो खरा मानायला काही कारण नाही. रात्रीचा एक, हातभर लांबीचाही नसलेला पडदा, झोपेची वाट बघणारी तू, आणि तुझी तुलना सतरा वर्षांच्या मुलींशी केली की पस्तिशीतल्या इंजिनिअरांशी, त्याचा पत्ता नाही.

तू फिजिक्सचं नाव काढलंस म्हणून एक खरी हकिगत सांगते. वर ज्यांचा उल्लेख आला त्या टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात अतिशय हुशार मुलं शोधायला घेतली, त्यांचं पुढे आयुष्यभर काय होतं ते पाहण्यासाठी. सर्वसाधारणपणे १३५ च्या वरची मुलं घेतली, दीड हजाराच्या आसपास. त्या वेळी तपासलेल्या पण आकडा कमी पडला म्हणून वगळलेल्या मुलांमध्ये दोघे होते : विल्यम शॉकली आणि लुइस अल्व्हारेझ. शॉकली यांना १९५६ चं नोबेल मिळालं, अल्व्हारेझ यांना १९६८ चं. दोन्ही फिजिक्सचीच. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही.

याचा अर्थ टर्मन यांची चाचणी कुचकामी होती असा काढू नकोस. त्यांची निवडलेली मुलं एकंदरीत खूप शिकली, चांगल्या हुद्द्यांवर गेली. गटाबद्दल चाचणी बरंच सांगते. एकट्या मुलाबद्दल, तेही तो पुढे काय करील याबद्दल, ती फार कमी सांगते. ही गोष्ट समोर बसवून नीट घेतलेल्या चाचणीची. तुझी तर तीही नव्हती.

फिजिक्स जमेल का हे बघायचा तुझ्याकडे जास्त चांगला रस्ता आहे. ज्या धड्याची भीती वाटते त्यातली गणितं सोडव, अडलीस तर शिक्षकांना विचार, आणि महिन्यानं तीच गणितं परत सोडवून बघ. आणि झोप रोजच येत नसेल तर मात्र आईला सांग. ८९ पेक्षा मला त्याची काळजी वाटली.

प्रश्न : टेस्ट फुकट होती. चाळीस प्रश्न सोडवल्यावर निकाल बघायला थोडे पैसे मागितले, तेही दिले. आता दर महिन्याला कार्डावरून रक्कम कापली जाते. सर्टिफिकेट मात्र सुंदर आहे, १४२ आले आहेत. ते नोकरीच्या अर्जाला जोडलं तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. मुलाखत घेणाऱ्याला विषय ठाऊक असेल तर तो हसेल, ठाऊक नसेल तर 'हे कशाला जोडलंय' म्हणून बाजूला ठेवील.

कापल्या जाणाऱ्या रकमेचं आधी बघा. वेबसाइटवर सदस्यत्व रद्द करायची जागा शोधा आणि रद्द केल्याचा पुरावा ठेवा. पण तेवढ्यावर थांबू नका. बँकेला सांगून त्या कार्डावरची दरमहाची परवानगीच काढून टाका. पैसे देताना खालच्या बारीक अक्षरांत 'काही दिवसांनी सदस्यत्व आपोआप सुरू होईल' असं लिहिलेलं असतं आणि चाळीस प्रश्न सोडवून दमलेला माणूस ते वाचत नाही. निकाल शेवटी अडवायचा तो म्हणूनच. एवढी मेहनत केल्यावर आकडा न बघता उठून जायला कुणाला जमतं?

आणि ज्याचा धंदा सर्टिफिकेट विकण्यावर चालतो, तो ९६ चं सर्टिफिकेट छापून किती विकणार? तुमचे १४२ मी त्या हिशेबात धरते.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेत मागे पडतो, वाचताना अडखळतो, लिहायला तर बसतच नाही. पण एकदा ऐकलेली गोष्ट त्याला शब्दन् शब्द आठवते, आणि घरातली बिघडलेली खेळणी तोच जुळवतो. मी मोबाइलवर त्याची टेस्ट घेतली, ७२ आले आणि 'बॉर्डरलाइन' असं लिहून आलं. आता घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो मुलात कमी आहे, दुसरा म्हणतो आळशी आहे. मी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या ७२ चं नाही. ऐकलेलं आठवतं, खेळणी जुळवतो, पण वाचताना अडखळतो, हे वाक्य मोलाचं. कुठल्याही चांगल्या मानसशास्त्रज्ञाच्या समोर तुम्ही बसलात तर तो इथेच पेन उचलील.

मोबाइलवरचे प्रश्न त्यानं स्वतः वाचले का? वाचले असतील, तर त्या चाचणीनं त्याचं वाचन मोजलं आणि नाव बुद्धीचं दिलं. शिवाय नऊ वर्षांचं मूल आई शेजारी बसून बघत असताना चाचणी देतं, तेव्हा ते पडद्याकडे कमी आणि आईच्या चेहऱ्याकडे जास्त बघतं. मुलं फार चाणाक्ष असतात. मी पेन कधी उचलते आणि किती लिहिते, त्यावरून उत्तर बरोबर की चूक हे ती ओळखायची. म्हणून मी चुकलेल्या उत्तरालाही बरोबर उत्तराइतकंच लिहीत असे. चाचणीत मुलाच्या वयाप्रमाणे सुरुवात कुठून करायची ते ठरलेलं असतं, आणि ओळीनं काही उत्तरं चुकली की तो भाग तिथेच थांबवायचा असतो, मूल रडकुंडीला येईपर्यंत ताणायचा नसतो. मोबाइलवर तुमच्या मुलानं एकामागून एक न येणारे प्रश्न बघितले असणार. तेही शेवटपर्यंत.

आता काय करायचं ते. पहिल्यांदा डोळे आणि कान तपासून घ्या. ऐकायला साधी गोष्ट वाटते, पण मुलाला फळ्यावरचं दिसत नाही हे कुणाच्याच लक्षात न आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. मग लहान मुलांसोबत काम करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. तिथे बुद्धिमापनाबरोबर वाचन, लेखन आणि गणित यांचीही वेगळी तपासणी करून मागा. अहवाल हातात आला की एकूण आकड्यावर थांबू नका. भाषा, आकृती जुळवणं, मनात माहिती धरून ठेवणं, कामाचा वेग यांचे वेगळे आकडे त्यात असतात. ते एकमेकांपासून फार लांब असतील तर एकूण आकडा फारसं काही सांगत नाही, आणि तुमच्या वर्णनावरून मला ते लांब असतील असं वाटतं. त्याला नेमकं काय आहे ते मी पत्रावरून सांगणार नाही. तसं सांगणं हे त्या वेबसाइटनं केलं तेच झालं असतं.

बौद्धिक अक्षमता आहे की नाही, हेदेखील नुसत्या आकड्यावर ठरवत नाहीत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये आपली निदानाची नियमावली सुधारली, तीत रोजच्या व्यवहारात मूल किती स्वतःचं स्वतः करू शकतं याला आकड्याइतकंच, किंबहुना जास्त वजन दिलं आहे.

घरातल्या दोन्ही तटांना एक गोष्ट सांगा. पहिली बुद्धिचाचणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये झाली, आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी कुणाला वेगळ्या शिकवणीची गरज आहे, हे ओळखायला ती केली होती. मुलाच्या बुद्धीवर कायमचा शिक्का मारण्याची कल्पना बिने यांना मुळीच मान्य नव्हती आणि त्यांनी १९०९ मध्ये तसं स्पष्ट लिहूनही ठेवलं. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात हीच परंपरा मराठी आणि कन्नड मुलांसाठी आणली. ती नुसती भाषांतरित चाचणी नव्हती. इथल्या मुलांवर घेऊन, त्यांच्या वयोगटांप्रमाणे बसवलेली होती. बिने-कामत चाचणी अजूनही वापरतात. तुमच्या मुलाला ती दिली, तर नॉर्म्स केव्हाचे आहेत तेवढं विचारा. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकेत सरासरी कामगिरी दर दहा वर्षांनी सुमारे तीन गुणांनी वर जात होती. म्हणजे जुन्या नॉर्म्सवर आजचं मूल आहे त्याहून वर दिसू शकतं. चांगला तपासनीस या प्रश्नानं रागावत नाही.

आणि मुलाला तो आकडा सांगितला असेल तर आजच सांगा, की ती मोबाइलची चाचणी चुकीची होती. यात तुम्ही खोटं बोलत नाही.

प्रश्न : माझं वय ७१. रोज सकाळी फोनवर बुद्धीचे खेळ खेळतो. दोन वर्षांत स्कोअर घसरला आहे, विशेषतः घड्याळ लावलेल्या खेळांत. हे विसरभोळेपणाचं लक्षण समजायचं का? की पैसे भरून ब्रेन ट्रेनिंगचं मोठं पॅकेज घ्यावं?

उत्तर : काका, घड्याळ लावलेल्या खेळांत वयाबरोबर स्कोअर घसरणं हे अगदी ठरलेलं आहे. वेग आणि नव्या कोड्यांची उकल ही तारुण्यातच शिखर गाठून उतरायला लागते. शब्दसंग्रह आणि साचलेलं ज्ञान मात्र उतारवयातही बराच काळ टिकतं. रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे हे दोन भाग वेगळे दाखवले. आणि खऱ्या चाचणीत ७१ वर्षांच्या माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी होते. तुमचा फोन बहुधा तुम्हाला पंचविशीतल्या पोरांशी पळवतो आहे.

पॅकेज घेऊ नका. त्या खेळांनी ते खेळ चांगले जमतात, हे खरं. पण त्यातून एकूण बुद्धी वाढते किंवा म्हातारपणीचा विसर टळतो, हा दावा निराळा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असेच दावे करणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर पुरेशा पुराव्याशिवाय जाहिरात केल्याचा आरोप ठेवला आणि कंपनीला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचे रोजचे हिशेब न जमणं, असं काही घरच्यांच्या लक्षात आलं असेल तर डॉक्टरांकडे जा. फोनमधला स्कोअर त्यांना दाखवायची गरज नाही. खेळ आवडतात ना? मग खेळा. घड्याळ बंद करता येत असेल तर करा.

प्रश्न : फुकट पण प्रामाणिक अशी एकही टेस्ट नाही का?

उत्तर : आहे. २०१४ मध्ये डेव्हिड काँडन आणि विल्यम रेव्हेल या संशोधकांनी 'इंटरनॅशनल कॉग्निटिव्ह ॲबिलिटी रिसोर्स' नावाचा प्रश्नसंग्रह मांडला. संशोधकांना फुकट वापरता यावा म्हणूनच तो केला. त्यात चार प्रकारचे प्रश्न आहेत : शाब्दिक तर्क, अक्षरं-आकड्यांच्या मालिका, आकृत्यांचे चौकोन आणि घन वस्तू मनात फिरवून बघणं. विद्यापीठांच्या अभ्यासांत असे प्रश्न तुम्हाला भेटतील. बऱ्याचदा शेवटी आयक्यू म्हणून काही मिळतच नाही, नुसते आभार मिळतात. मला विचाराल तर ही चांगली खूण आहे.

बाकी कुठल्याही चाचणीला बसण्याआधी तीन गोष्टी शोधा : तुलना कुणाशी, विचलन किती, आकड्यात चूक किती धरायची. एकही सापडली नाही तर मजा म्हणून कोडी सोडवा आणि ईमेल, वय, शिक्षण यांचे रकाने रिकामे सोडा. मेन्सा ही उच्च आयक्यूवाल्यांची संघटनासुद्धा आपल्या वेबसाइटवरची सरावाची कोडी सदस्यत्वासाठी धरत नाही, तिथे वेगळी प्रवेशचाचणी द्यावी लागते.

प्रश्न : आइनस्टाइनचा आयक्यू १६० होता असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का?

उत्तर : त्यांनी अशी चाचणी दिल्याची नोंद नाही. मेलेल्या माणसांना आयक्यू वाटायची हौस जुनी आहे. १९२६ मध्ये कॅथरिन कॉक्स यांनी तीनशे एक थोर माणसांचे आयक्यू त्यांच्या चरित्रांवरून अंदाजले होते. त्यांनी निदान पद्धत तरी लिहून ठेवली होती.

१६० हा आकडाच कसा आहे बघा. वेक्स्लरच्या पट्टीवर साधारण साडेएकतीस हजारांत एक माणूस तिथे पोचतो. वर सांगितलेल्या २,२०० लोकांच्या नमुन्यात तसा एकही सापडण्याची शक्यता फार थोडी, मग तुलना करायची कुणाशी? इतक्या वरचे आकडे इतके डळमळीत असतात की गिनेस बुकनं 'सर्वाधिक आयक्यू' हा विक्रमच १९९० मध्ये बंद केला. तेव्हा ते १६० कुणी मोजले, हे तुम्हाला ज्यानं फॉरवर्ड पाठवलं त्यालाच विचारा. उत्तर आलं तर मलाही कळवा.